उद्वाहन आणि उजवी बाही

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या संपावर आहेत, तेव्हा सप्तांग समजून घे. उरलेल्यांपैकी मन बैठकीत कुठे होतं ते पुढे येईलच.) तुझी प्रकृती ठीक असणार, कारण ती ठीक नसती तर एव्हाना तीन फोन आले असते आणि तिन्ही वेळा दोष माझाच निघाला असता. डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? काकांची चौकशी मुद्दामच करत नाही. ज्याच्यापासून काही लपवायचं त्याची फार विचारपूस केली की माणूस पकडला जातो.

निघताना तू काकांचा स्वेटर माझ्या पिशवीत कोंबलास तेव्हा त्याला पाठ होती, पोट होतं, डावी बाही होती. उजव्या बाजूला नुसतं भोक. "अकरा वर्षं टोमणे ऐकतेय, अख्ख्या इमारतीला विणलंस आणि नवऱ्याला गुंडाळलंस म्हणून. आता घेतला तर डोळ्यांनी दगा दिला. उजवी बाही तू कर. पण ती माझ्या हातची नाही हे त्यांना कळलं तर याद राख!" असं म्हणून तू वर जे बोट नाचवलंस ते मी बावन्न वर्षांचा असूनही विसरलेलो नाही. लोकर पुरणार नाही हे दोघांनाही दिसत होतं. ओल्या पाटीसारखा तो रंग मिळतो एकाच दुकानात, आणि ते दुकान नेमकं माझ्या बैठकीच्या गावी. याला तू योगायोग म्हणालीस. आमच्या पाठशाळेत याला वेठ म्हणत.

पहिल्या दिवशी दुकानाला साप्ताहिक सुट्टी. विश्रामगृहात मला पाचवा मजला मिळाला आणि लिफ्टवर पाटी होती, 'उद्वाहन बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' आता उद्वाह म्हणजे विवाह, हे संस्कृतच्या पहिल्या पुस्तकातलं पोरही सांगेल. म्हणजे या इमारतीत लग्नं बंद आहेत आणि त्याबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे! गेली सात वर्षं मी याच पाटीशी भांडतोय हे तुला ठाऊक आहे. (ठाऊक नसेल तर दर वेळी दिवाणखान्यात मी सांगतो तेव्हा तू झोपतेस.) लिफ्टला लिफ्टच म्हणावं, हा माझा ठराव यंदा आमच्या परिभाषा समितीत कसाबसा मतदानापर्यंत पोचला होता. विरोधात मुख्यतः आमचे 'विसर्ग'. खरं नाव वेगळं आहे, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते दोन टिंबांइतका श्वास सोडतात, म्हणून हे.

दुसऱ्या दिवशी विसर्ग बोलायला उभे राहिले आणि मी टेबलाखाली सुया काढल्या. कुणाला संशय आला नाही. मान खाली घालून बसणं ही आमच्या समितीची रीतच आहे. सगळं जग बाही मनगटाकडून विणतं आणि तू खांद्याकडून, त्यामुळे मलाही तसंच करावं लागलं. विसर्ग वेदकाळात होते तोवर मी कोपर ओलांडलं. ते मध्ययुगात आले आणि मी मनगटाच्या पट्टीला लागलो. तिथे मोजावं लागतं ना, दोन सुलट, दोन उलट. मनातल्या मनात मोजत होतो अशी माझी समजूत होती.

इतक्यात अध्यक्षबाईंनी विचारलं, "आपल्या कार्यालयाची मतं?" आमची मतं दोन. माझा जोडीदार गालगुंडाने घरी, म्हणून दोन्ही माझ्याचकडे. माझ्या तोंडून स्पष्ट, खणखणीत, शुद्ध उच्चारात निघालं, "दोन उलट."

चिटणिसाने लिहून घेतलं. माझा स्वतःचा ठराव माझ्याच दोन मतांनी पडला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "काही कारण?" घड्याळात पाऊण झाला होता, दुकान एकला बंद होणार, आणि हातातली लोकर वीतभर उरली होती. खुलासा करायचा तर आधी बाही टेबलावर ठेवावी लागणार! मी म्हटलं, "कारण लेखी कळवीन," आणि उठलो. दारात विसर्गांनी मला मिठी मारली. सुई त्यांना बरगडीत टोचली असावी, पण ते गहिवर समजले.

दुकानात लोकरवाल्या बाईंनी स्वेटर हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. "पाठ एका हाताची आणि ही बाही दुसऱ्या हाताची. पाठ विणणारी बाई निवांत आहे. बाही विणणाऱ्याला कुणीतरी बघेल अशी भीती आहे." मी पडलेल्या आवाजात म्हणालो की तो मीच. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, कीव आली. त्या लॉटची लोकर संपली होती. दुसऱ्या लॉटचा गुंडा शेजारी धरला तर तोच रंग आजारातून उठल्यासारखा दिसे. मी काकांची अकरा वर्षं थोडक्यात सांगितली. बाईंनी सुस्कारा टाकला, गल्ल्यामागून अर्धी विणलेली एक टोपी काढली (त्यांच्या चहाच्या किटलीची, ओल्या पाटीच्याच रंगाची) आणि माझ्यासमोर सरसर उसवली. म्हणाल्या, "किटली थंडी सोसेल. नवरे सोसत नाहीत."

उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून खोलीतल्या किटलीच्या वाफेवर धरून ती सरळ केली. एका किटलीचं वस्त्र दुसरीच्या आशीर्वादाने काकांना चढणार आहे. तिसऱ्या दिवशी विसर्गांनी आभार मानले; पट्टी संपत आली तरी आभार संपेनात, त्यामुळे उजवी बाही दोन इंच लांब झाली आहे. क्षमस्व.

मी आणखी चार दिवस इथेच. 'उद्वाहन'च्या नव्या पाट्या लावायला उपसमिती नेमली असून, तिचा प्रमुख एकमताने मी. म्हणून पार्सल पाठवतोय. वर 'औषधं' असं लिहिलं आहे, काका उघडणार नाहीत.

तुझा,
उलटसुलट भाचा

ता. क. पार्सलमध्ये डावी बाही पाहून ओरडू नकोस. तिची पट्टी मी उसवली आहे, टाके सुईवर घातले आहेत, आणि उरलेली लोकर सोबत आहे. ती दोन इंच वाढवून पुन्हा पट्टी तू घालायचीस. दोन सुलट, दोन उलट. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. मी डोकं न लावता केलं, तू डोळे न लावता कर.

ता. क. २. आभारप्रदर्शनाचं वर लिहिलं ते खोटं आहे. तू स्वेटर माझ्याच गळ्यात मारणार हे ओळखून काका निघायच्या आदल्या दिवशी माझ्या घरी आले होते. तू डॉक्टरकडे गेलीस की ते एका बाहीचा स्वेटर घालून आरशासमोर उभे राहतात. डावं मनगट दोन इंच उघडं पडतं म्हणाले, आणि मापाची चिठ्ठी दिली. "उजवी तू कर, पण डावीचा शेवट तिच्याकडूनच करून घे. डोळे गेले म्हणते, पण मी बिस्किटाचा डबा हलवला की तिला पलीकडच्या खोलीतून दिसतं." तुला सांगायचं नाही असं त्यांनी बजावलं. त्यांना सांगायचं नाही असं तू बजावलंस. दोघांचंही ऐकलं असतं तर डावी बाही आखूड राहिली असती.

ता. क. ३. तर काका स्वेटर घालून "अरे वा, सगळा तूच विणलास?" म्हणतील, तेव्हा हो म्हण. आश्चर्याचा अभिनय त्यांचा त्यांना करू दे. महिनाभर तालीम चालू आहे.