वरची चाल माझी नाही

दोहा, १२ नोव्हेंबर २०११

ती. बाबा आणि आई,
तुम्हा दोघांच्या पाया पडून लिहायला बसलो आहे.

माझं बरं चाललंय. जेवण हॉटेलातच असतं, आबाळ नाही. बाबांचा गुडघा कसा आहे? भजनात आता मांडी घालून व्हायोलिन वाजवू नका, खुर्ची घ्या. इथे हॉटेलात आमच्या वाद्यवृंदातले आम्ही चौघंही खुर्चीवर बसूनच रॉकची गाणी वाजवतो. ड्रम नाही, गिटार नाही, सगळं व्हायोलिनच्या गजावरच भागवायचं.

मी पाठवलेली आमच्या गाण्यांची सीडी ऐकून बाबा फोनवर म्हणाले, "दुसऱ्या गान्यातली मींड आयकली न् तुजा हात वळखला. माजीच शिकवन हाय ती." मी हो म्हणालो.

बाबा, ती मींड माझ्या शेजारी वाजवणाऱ्या इरिनाची आहे. चाल नेहमी तिच्याकडेच असते. टाळ्या, फुलं, मॅनेजरचं कौतुक तिलाच, आणि मेली कधी चुकतही नाही. ते सगळं मी गिळलं होतं. पण तुमची शाबासकीही तिलाच गेली, तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललेलो नाही. तिला बिचारीला कारणही ठाऊक नाही.

आपल्या नेरे गावच्या भजनी मंडळाला सीडी ऐकवण्याआधी तुम्हाला कळावं, म्हणून लिहिलं. धाकट्या प्राचीला सांगू नका, ती भावाला हसेल.

आई, तू मागून विचारत होतीस, "खाली सारका खरखर करतोय तो कोन हाय? त्याला गप बसव."

ड्रमच्या जागी गज तारांवर घासून तो ठेका मी धरतो, आई. त्याला गप बसवलं, तर त्या सीडीत मी कुठेच नाही.

तुमचाच,
कुंदन