मामाच्या टेबलावरचा लॅपटॉप

सोमवार, ४ मार्च

पोचला! मामाचा लॅपटॉप पोचला! जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन – "ठमे, खोकं आलंय. उघडू का?" उघड की बाबा, विचारतोस काय!

पाठवलाय दादाने, म्हणजे मामाच्या मुलाने. त्याचा बेत असा – मामाने महिनाअखेर शिंप्याचं दुकान बंद करायचं, त्याच्याकडे राहायला जायचं, आणि तिथे वेळ जावा म्हणून हा लॅपटॉप. कापड बेतायचं आठ फुटी टेबल घेणारा माणूससुद्धा ठरवून ठेवलाय, तीस तारखेला येणार. मामा म्हणतो, "त्याच्याकडे छान बाल्कनी आहे म्हणे. बाल्कनीत काय कापू, हवा?"

मामाचा बेत वेगळाच आहे. एका शिवणशाळेला कोट शिकवणारा मास्तर हवाय, घरबसल्या, लॅपटॉपवरून. सोळा तारखेला एक धडा घेऊन दाखवायचा. पसंत पडला तर वर्ग मामाचा, दुकान चालू, टेबल जागच्या जागी! म्हणजे दादाच्याच लॅपटॉपने दादाला चीतपट! आणि हे सगळं जुळवून देणार कोण? अस्मादिक. सहाशे किलोमीटरवरून, फोनवर.

इतकी हवेत होते की दुपारी एक्स-रे काढताना एका आजोबांना "श्वास रोखा" म्हटलं आणि "सोडा" म्हणायलाच विसरले. बिचारे लालबुंद.

दादाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलंय.

मंगळवार, ५ मार्च

अजून चालूच केलेला नाही! आधी टेपने मापं घेतली म्हणे. मग अभ्रा शिवला. अस्तर लावून, दुहेरी शिलाई मारून. फोटो पाठवला – अभ्रा सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. पण मामा, बटण दाब ना एकदा!

"घाई केली की कापड वाया जातं." हे कापड नाहीये रे!

गुरुवार, ७ मार्च

चालू झाला!!

आणि वीस मिनिटांत तापला. "ठमे, इस्त्री करता येईल यावर." हे विचार, ते विचार, शेवटी म्हटलं खालच्या बाजूचा फोटो पाठव. पाहते तर काय – अभ्रा अंगातच! काढायचा असतो हे त्याच्या गावीच नव्हतं. हवा जायच्या फटी सगळ्या अस्तराने बुजलेल्या. "मग शिवला कशाला, काढायला?" वर मलाच!

पासवर्ड ठेवलाय कुठल्या तरी जुन्या गिऱ्हाइकाच्या छातीचं, कमरेचं आणि बाहीचं माप. म्हटलं मला सांगून ठेव, विसरलास तर पंचाईत. तर म्हणे, "गिऱ्हाइकाचं माप मी कुणाला सांगत नाही." हसून हसून डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

शुक्रवार, ८ मार्च

दादाचा मेसेज – "बाबांना जमतंय का गं?" मी लिहिलं, "हळूहळू." खोटारडी कुठली!

रविवार, १० मार्च

आज खरी अडचण कळली. व्हिडिओवर मामाचं तोंड दिसतं. पण शिकणाऱ्यांना त्याच्या तोंडाशी काय करायचंय, हात दिसायला हवेत! स्क्रीन वाकवली तर नुसती टेबलाची कड आणि मामाची ढेरी. तासभर झटापट. माझ्या तर नाकी नऊ आले. सहा दिवसांवर धडा, आणि हे असं!

मग मामाच म्हणाला, "थांब जरा." फोन टेबलावर ठेवून गेला. खडखड, धडधड, एक शिवी. गिऱ्हाइकाने कोट घालून बघायचा तो उंच आरसा काढून आणला आणि कोट टांगायच्या दांडीला तिरपा बांधला, टेबलाच्या बरोबर वर! लॅपटॉपचा कॅमेरा आरशाकडे. आणि मला दिसलं – अख्खं टेबल, खडू, कात्री, मामाचे हात, सगळं स्वच्छ, जणू छताला लटकून बघतेय. मी किंचाळलेच. शेजारीण दार ठोठावून विचारून गेली, बरी आहेस ना म्हणून.

"मला पण इथे बरोबर दिसतंय," मामा म्हणाला. झालं तर मग!

बुधवार, १३ मार्च

शाळेच्या मुख्य बाई म्हणतात, पहिल्याच धड्याला चांगलं सुटाचं कापड घेऊ. मामा हट्टाला पेटला – साधा, स्वस्तातला मांजरपाटच हवा. वाद. शेवटी बाईंनी ऐकलं, पण नाराज आहेत. कशाला आत्ताच खटके उडवतो हा!

शनिवार, १६ मार्च

काय दिवस होता!

दहाला सुरुवात. सहा शिकणारे, मुख्य बाई, आणि एका कोपऱ्यात मी, तोंड बंद ठेवायच्या अटीवर. मामा काय रंगला! नेहमी दोन शब्दांत बोलणारा माणूस – आज थांबेचना. "खडू दाबायचा नाही, नुसता फिरवायचा." "कात्री उचलायची नाही, सरकवत न्यायची." मला तर त्याचे हात बघून रडूच यायला लागलं. कोटाचे पुढचे दोन भाग बेतून झाले. मग डाव्या भागावर छातीच्या खिशासाठी चीर पाडून दाखवली. सहाही जणांनी पाडली. "आता भाग छातीला लावून दाखवा बघू."

सगळ्यांनी लावले. सगळ्यांचा खिसा उजवीकडे!

मामा भडकला. "डावं-उजवं कळत नाही तुम्हाला? सहाच्या सहा जणांना?" मग एक शिकणारी हळूच म्हणाली, "मास्तर, तुम्ही असंच दाखवलंत." मुख्य बाईंच्या कपाळाला आठ्या. मामा स्वतःच्या कापडाकडे बघतोय, स्क्रीनकडे बघतोय, घाम पुसतोय.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आरसा! आरशात डावं ते उजवं! त्याला स्वतःच्या स्क्रीनवर बरोबर दिसायचं, कारण लॅपटॉप आपल्याला आपलं चित्र उलटवूनच दाखवतो. उलट्याचं उलटं – सरळ. बाकी सगळ्यांना मात्र उलटंच! आणि मी? मी रविवारी टेपचे आकडे उलटे पाहिले होते. वाटलं, टेप उलटा पडलाय. रोज प्रत्येक एक्स-रेवर डाव्या-उजव्याची खूण न चुकता लावणारी मी! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

अट गेली खड्ड्यात. ओरडलेच, "मामा, आरसा! आरशामुळे!"

त्याने वर आरशाकडे पाहिलं. मग असा हसला, असा हसला! "मांजरपाटाला उलटी-सुलटी बाजू असते का? नसते. दोन्ही तुकडे पालथे घाला. आता लावा छातीला." सहा खिसे डावीकडे! कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "सुटाचं कापड असतं तर सहा कोट गेले असते," मामा म्हणाला. कुणाकडे न बघता. पण बाईंनाच म्हणाला तो.

बाई हसल्या नाहीत. "कळवते," एवढंच.

रविवार, १७ मार्च

काही कळवलं नाही. मी तीनदा फोन केला, मामा वैतागला.

बुधवार, २० मार्च

मिळाला! वर्ग मिळाला!! एक एप्रिलपासून, आठवड्यातून तीन दिवस! बाईंनी लिहिलंय, मास्तर चुकले तरी घाबरत नाहीत, आम्हाला असेच हवेत. एक्स-रेच्या खोलीत मी एकटीच नाचले. आरसा गेला, आता लॅपटॉप दांडीला झोळी बांधून टांगलाय. झोळी अर्थात स्वतः शिवली, कॅमेऱ्यापुरती खिडकी आणि हवेसाठी जाळी ठेवून!

"आता दादाला तू सांग," म्हणाला. मी? मीच का?

गुरुवार, २१ मार्च

सांगितलं. एका दमात सगळं. वाटलं चिडेल, ओरडेल. तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे सहा परक्या लोकांना शिकवणार. मला कात्रीला हात लावू दिला नाही कधी. डावखुरा म्हणून. डाव्या हाताने कापड नासतं म्हणायचे. नऊ वर्षांचा होतो गं मी."

आणि फोन ठेवला.

मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं वाटायचं, याला दुकानाची लाज वाटते.

शुक्रवार, २२ मार्च

मामाला शब्दन् शब्द सांगितला. त्याने मशीन चालूच ठेवलं. मग, "उद्या बोलू." एवढ्या आनंदात हे कुठून आलं मध्येच! चैन नाही.

शनिवार, ३० मार्च

टेबल न्यायला कुणी आलं नाही; दादानेच त्या माणसाला नको म्हणून कळवलं असणार. मामाने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली आणि मग त्याच्यावर मांजरपाट पसरला.

सोमवार, १ एप्रिल

पहिला वर्ग. मी रजा टाकून बसले होते. स्क्रीनवर सहाऐवजी सात चौकोन. सातव्यात दादा! समोर कापड, डाव्या हातात कात्री. मामा म्हणाला, "तसंच धर. डाव्यानेच काप."

दादाला लिंक मी पाठवली नव्हती. मामाला पाठवता येत नाही – मी अजून शिकवलेलंच नाही त्याला. म्हणजे लबाड माझ्या नकळत शिकला, दादासाठी!