शिंप्याच्या चष्म्यातून लिहिलेलं मृत्युपत्र

सर्वप्रथम तक्रार नोंदवते. मृत्युपत्रासारखा गंभीर दस्तऐवज लिहायला बसावं आणि आपला चष्मा जागेवर नसावा, यापरता माणसाचा अपमान नाही. मरणाकडून माझी काही अपेक्षा नव्हती, चष्म्याकडून होती. मंगळवारपासून तो बेपत्ता आहे. कपाटं, उशांखाली, पिठाचा डबा, सगळीकडे बघून झालं. सध्या शेजारच्या शिंप्याचा चष्मा उसना आणला आहे. त्याचा नंबर माझ्या नंबराच्या आसपास जातो, पण डावी काडी सैल असल्याने दर ओळीच्या शेवटी तो नाकावरून घसरतो. एखादी ओळ उताराला लागलेली दिसली तर तो दोष काडीचा समजावा, बुद्धीचा नव्हे.

तर मी, खाली सही करणारी, वय पंचावन्न, धंदा तसबिरींना चौकटी करून देणं, राहणार दुकानाच्याच मागच्या दोन खोल्यांत, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. त्यातल्या काही वस्तू ठिकाणावर नसतात, हा वेगळा मुद्दा. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. मुलीचा दबाव आहे, पण तो दुकान बंद करण्यासाठी आहे, मृत्युपत्रासाठी नाही.

तो दबाव आधी सांगितलेला बरा, कारण हा कागद त्यातूनच निघाला. मध्यंतरी एका दुपारी चौकटी चिकटवायच्या सरसाची शेगडी चालू ठेवून मी मागे जाऊन आडवी झाले. भांडं जळालं, टेबलाची एक कड कोळसा झाली. मुलगी दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात असते. तिने फोनवर वडिलांना "घरी सगळं ठीक ना?" असं सहज विचारलं आणि यांनी सगळं सांगितलं. हे पाणीखात्यात मीटर वाचायला होते. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मुलगी मला म्हणाली, "आई, रविवारी येते. दुकानाचं काय ते ठरवून टाकू." आज रविवार आहे. ती दुपारच्या गाडीने येईल. तोवर काय ते मीच ठरवून ठेवते.

कलम एक. दुकान आणि मागच्या खोल्या माझ्या पश्चात यांच्याकडे राहतील, यांच्या पश्चात मुलीकडे. बँकेत जे आहे ते मुलीचं. फार नाही. पासबुक भांड्यांच्या कपाटात आहे, किंवा जिथे असेल तिथे.

कलम दोन. लोकांनी करायला टाकलेल्या आणि कधीच न नेलेल्या तसबिरी माळ्यावर आहेत. कोणाचं लग्न, कोणाचा पदवीचा झगा, एका गृहस्थांचा नुसता घोडा. मालक कधीही आले तरी पावती न मागता, टोमणा न मारता द्याव्यात. पूर्वी टोमणे मी मारायची. विसरलेल्या माणसाशी या दुकानाने यापुढे अदबीने वागावं, अशी माझी इच्छा आहे. तिच्यात माझा स्वार्थ आहे, हे उघड आहे.

कलम तीन. माझं ड्रिल मशीन कित्येक वर्षं नणंदेच्या ताब्यात आहे. तिच्या मते ते तिला दिलं होतं, माझ्या मते नेलं होतं. ते मी तिला या कलमान्वये कायमचं देते, म्हणजे आता तिला ते परत करायचं राहून गेलंय असं म्हणता येणार नाही. ड्रिलच्या सुया मात्र माझ्याकडेच आहेत. त्या यांना.

कलम चार, अर्धवट विद्यांबाबत. स्थावर-जंगम मालमत्तेखेरीज माझ्याकडे बऱ्याच विद्या आहेत आणि त्यातली एकही पुरी नाही. चाळिशीपासून मी दरवर्षी काहीतरी नवीन शिकायला घेते. धाकटा भाऊ प्रत्येक वेळी विचारतो, "या वयात कशाला?" तो स्वतःच्या बाबतीतही पंचविशीपासून हेच विचारतो आहे. त्याला मी माझी बाजाची पेटी आणि तिच्यावर येणारी दीड गाणी देते. अट एवढीच की उरलेलं अर्धं त्याने शिकावं, आणि ते शिकताना त्याच्या बायकोने दारात उभं राहून "या वयात कशाला?" असं विचारावं.

परभाषेचा अभ्यास यांना. मला त्या भाषेत स्टेशनचा रस्ता विचारता येतो, सांगितलेला कळत नाही. हे कुठेही गेले तरी रस्ता विचारत नाहीत, फक्त ऐकतात. तेव्हा दोघं मिळून आम्ही पोचू.

पोहणं मुलीला. पोहायला शिकवणाऱ्या बाई मुलीहूनही लहान आहेत आणि मला "काकू, पाय" एवढंच म्हणतात. मला पलीकडच्या काठाला जाता येतं, पण पाण्यात वळता येत नाही, म्हणून मी बाहेर येते, ओल्या फरशीवरून चालत परत येते आणि पुन्हा उतरते. यात मला कमीपणा वाटत नाही. पहिल्या दिवशी मी शिडी सोडायला तयार नव्हते. मुलीने तिथून सुरुवात करावी. पाण्याला भिते ती, आणि माझ्याबद्दलही भिते. एक भीती कमी झाली तर दुसरीला बळ येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

कलम पाच, बडबडीबाबत. मी काम करताना स्वतःशी बोलते असं बाजारभर झालं आहे. ते खरं आहे, पण त्याला पूर्वपीठिका आहे. माझे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, त्यांनी हे दुकान काढलं. हात जे करतो ते तोंडाने म्हणायचं, हा त्यांचा नियम. "पट्टी घेतली. माप घेतलं. गुण्या लावला. कापली." गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं ते लोखंडी हत्यार. नानांचं म्हणणं, हात खोटं बोलतो, डोळा आळशी असतो, कान तेवढा जागा असतो. लग्नाच्या वयात मला त्याची लाज वाटली आणि मी ते सोडलं. शेगडीच्या प्रकरणानंतर पुन्हा धरलं. तेव्हाच दवाखान्यातही जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की हे वयाचं आणि धांदलीचं विसरणं आहे, घाबरायचं कारण नाही. नीट झोपा, एका वेळी एकच काम करा, वस्तूंना जागा ठरवून द्या, शिकणं सोडू नका, सहा महिन्यांनी दाखवून जा. मी विचारलं, "आणि पुढे वाढलं तर?" त्या म्हणाल्या, "तर ते तुमच्याआधी घरच्यांना कळेल."

हे वाक्य मी दवाखान्यातून घरी आणलं आणि ते काही केल्या विसरत नाही.

कारण नानांचं वाढलं होतं. शेवटच्या वर्षांत ते पट्ट्या आखूड कापत. ते जेवायला गेले की आई मला डोळ्यांनी खुणावायची आणि मी गुपचूप नव्या कापायची. घरात सगळ्यांचं ठरलं होतं, त्यांना कळू द्यायचं नाही. शेवटी ते त्यांना एका गिऱ्हाइकाकडून कळलं. ते चिडले नाहीत. स्टुलावर बसून एवढंच म्हणाले, "घरातल्या कुणीतरी सांगायचं होतं गं." आम्ही सगळी त्यांच्यावर माया करणारी माणसं. आमच्यापैकी एकाने तरी सांगायला हवं होतं.

म्हणून कलम सहा, आणि हेच या कागदाचं मूळ कलम आहे. दुकान मी आज बंद करत नाही, कोणाला देतही नाही. हे निवृत्त झाल्यापासून माझ्या हाताखाली शिकत आहेत. यांनी जुळवलेल्या कोपऱ्यातून अजून उजेड दिसतो, पण परवापर्यंत हात जायचा. हे रोज माझ्याशेजारी बसून माझी बडबड ऐकतात. ज्या दिवशी माझ्या बोलण्याचा क्रम चुकेल, आणि चुकला हे सांगूनही मला कळणार नाही, त्या दिवशी यांनी माझ्या पाठीमागे पट्ट्या कापू नयेत. माझ्या तोंडावर म्हणावं, "आज मी कापतो, तू सांग." मी वाद घालणार नाही. घातला तर हा कागद दाखवावा. नानांचा काच कापायचा हिरा मी त्या दिवशी यांच्या हातात देईन. तो द्यायला मी मरायची वाट कशाला बघायची?

इथवर लिहिलं आणि मुलगी आली. पिशवी खांद्यावरून न उतरवता तिने माझ्या मागे उभं राहून सगळं वाचलं. तिच्या लहानपणी तिचं प्रगतिपुस्तक मी असंच वाचायची.

"हे काय गं? सांगायचं काम बाबांना? मला का नाही?"

"तू लगेच सांगशील म्हणून."

ती हसली नाही. "आई, मी थट्टा करत नाहीये. शेगडीच्या दिवशी आग भडकली असती तर? आणि बाबा तुला काय सांगणार? तू भाजीत मीठ दोनदा घातलंस तरी ते मुकाट्याने जेवतात."

"ते मला विचारलं नव्हतं," हे कोपऱ्यात सरस ढवळत म्हणाले.

"बघ. बाबा, उद्या खरंच वेळ आली तर तिचं मन मोडून तुम्ही तोंडावर सांगाल? खरं सांगा."

यांनी शेगडी बंद केली. "शेगडी बंद केली," असं मोठ्याने म्हणाले, कारण आता तेही म्हणतात. मग पोरीकडे वळले. "अगं, मीटरवर दिसतो तोच आकडा लिहायचा असतो. मग घरमालक चहा देवो नाहीतर शिव्या. मला कोणाचं बिल वाढताना बरं वाटायचं असं नाही. पण मी कधी कमी लिहिला नाही. तुझ्या आईचाही नाही लिहिणार."

मुलीने पिशवी खाली ठेवली.

मग मी विषय हलका करावा म्हणून म्हटलं, "ते सगळं असू दे, चष्मा शोधून द्या कोणीतरी. ह्यांना तर विचारून दमले, पाहिला नाही म्हणतात."

"नाहीच पाहिला," हे म्हणाले. "ऐकला."

"म्हणजे?"

"मंगळवारी शिंप्याच्या शर्टाची पेटी करत होतीस ना. तू म्हणालीस, शर्ट टाचला. बाही सरळ केली. घाम पुसते, चष्मा काढला. आत ठेवला. पाठ लावली. खिळे ठोकले." हे सगळं यांनी डोळे मिटून म्हटलं, मीटरचा आकडा गेटपर्यंत तोंडात घोळवत न्यायचे तसं. "ठेवला आणि पाठ लावली याच्या मध्ये, उचलला असं काही आलं नाही."

शिंप्याने उमेदवारीत शिवलेला पहिला शर्ट मी काचेच्या खोल पेटीत बसवून दिला आहे. त्याची एक बाही उलटी लागलेली आहे आणि ती तशीच दिसावी असा त्याचा आग्रह होता. पेटी त्याच्या दुकानात, शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीवर टांगली आहे. त्याच्याकडे चष्मा उसना मागायला गेले तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, मशीन चालवली की पेटीत शर्टामागे काहीतरी खुडखुडतं." मी त्याला, त्याचाच चष्मा डोळ्यांवर चढवत, सांगून आले की नवीन लाकूड आहे, बसतंय.

मुलगी आधी टेबलाला धरून हसली, मग खाली बसून हसली. डोळे पुसत म्हणाली, "ठीक आहे. दुकान चालू दे. पण शेगडीला वेळ झाली की आपोआप बंद होणारं बटण मी आजच बसवून जाणार." ते कलम सात समजावं. तिने पोहण्याचं कलमही मान्य केलं आहे, "शिडी धरून" या शर्तीवर.

कलम आठ. शिंप्याला मी काहीही देत नाही. त्याच्याबद्दल माया नाही असं नव्हे. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष घालू नये असा दंडक आहे, आणि मला तो साक्षीला हवा आहे. पोहण्याच्या बाईंनाही याच कारणाने काही नाही.

हे मृत्युपत्र माझ्या हयातीत बदलायचा हक्क मी राखून ठेवते. शिकणारीने तो ठेवावाच.

दोघं साक्षीदार आता आले आहेत. बाईंचे केस ओले आहेत. कागदावर पाणी सांडलेलं दिसेल ते त्यांचं, अश्रूंचा संशय घेऊ नये. शिंप्याला पेटीची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "राहू द्या ना ताई आतच. एक बाही उलटी माझी, एक चष्मा तुमचा. शोभतंय." मी म्हटलं, शोभा पुरे. उद्या पेटी उघडायची. हे उघडतील, मी शेजारी बसून सांगेन.

आता सही करायला शिंपी खिसे चाचपतो आहे. त्याला चष्म्यावाचून दिसत नाही, आणि त्याचा चष्मा माझ्या नाकावर आहे. घड्याळाच्या पेचकसाने मी डावी काडी घट्ट करून घेतली आहे, काचा तसबिरीच्या काचा पुसायच्या फडक्याने पुसल्या आहेत. तो मी आता त्याच्या हातात देत आहे. हे दान नव्हे, परतफेड आहे, त्यामुळे साक्षीला बाध येत नाही. इथून पुढचं अक्षर अंदाजाने.

ठिकाण: दुकानातलं कापायचं टेबल, न जळालेली बाजू.
तारीख: रविवार, मुलगी आली तो. आकडा यांनी कॅलेंडरवर बघून मागे लिहिला आहे, तो खरा असेल.

लिहून देणार: (सही) चौकटीवाली
साक्षीदार: (सही) शेजारचा शिंपी, वाचून, स्वतःच्या चष्म्याने
साक्षीदार: (सही) पोहण्याच्या बाई