घरी जायला व्हिसा

सोमवार, भोर

माझ्या बहिणीची मुलगी सना ऑस्ट्रेलियात वाढली. भारताकडून फुटबॉल खेळायचं म्हणून तिनं तिथला पासपोर्ट परत केला. आज तिचा पहिला सामना. राष्ट्रगीताला तिनं डोळे का मिटले होते? आमी हितं मोबाईलसमोर टाळ्या पिटत होतो.

आत्ता तिचा फोन आला. "खाला, अब्बा तिकडं ऑस्ट्रेलियात दवाखान्यात हायेत, लई सिरीयस. पण घरी जायला मला आता व्हिसा लागतो. तो अजून आला न्हाई." आईकडून उचललेलं भोरचंच बोलणं. आणि ते मिटलेले डोळे...

"त्यांनी सामना बघितला का गं?"

"व्हय, पडल्या पडल्या. लई खूश झाले. म्हणाले, देशासाठी खेळलीस, आता घरी ये."