एकच भाकरी

॥ श्री ॥

पेण, ता. ५ मे १९९९

चि. सौ. हौसा हिस,

इंदूताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल मंगळवार, म्हणून नेहमीप्रमाणे पॅसेंजरच्या वेळेला स्टेशनवर उभी होते. कमळाकर खिडकीशी होता, शेजारी तुमचा शेजारी काळुराम. तू नव्हतीस. गाडी थांबते एवढीशी. तेवढ्यात मी डबा द्यायचा, भावाचा चेहरा बघायचा आणि वहिनी कुठे हेही विचारायचं. तो म्हणाला, तिला चक्कर येते म्हणून घरी आहे. का येते म्हटलं, तर खाली बघत म्हणाला की ती हल्ली नुसत्या फळांवर असते, वजन उतरवायला. गाडी सुटली. मी रागाने तिथेच बाकावर बसून राहिले.

हे फोनवर विचारता आलं असतं. पण पेणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा जन्म गेला. लोकांची बोलणी जोडून दिली आणि नको ती ऐकलीही. तारेवरून माणूस पटकन खोटं बोलतो. कागदावर खोटं लिहायला निदान बैठक मारावी लागते.

हौसा, तुझ्या घरात डायलिसिसवरचा माणूस आहे. आठवड्यातून दोनदा पनवेलला जाऊन यंत्राला हात लावून पडतो. त्याला केळं नाही, आंबा नाही, चिकू नाही, शहाळं नाही. मिठागरवाल्याचा मुलगा, आणि त्याच्या ताटात मीठ नाही. त्याची भाजी तू दोनदा उकळून, पाणी ओतून देतेस. त्यात काय उरतं ते मी चाखून बघितलंय. अशा माणसासमोर तू आंबे चोखत बसतेस, तेही बारीक व्हायला? पन्नाशीच्या बाईने बारीक होऊन कोणाला दाखवायचंय? तुझे भाऊ हमरापूरला दरवर्षी शेकड्याने गणपती घडवतात. त्या देवाला कोणी पोट कमी कर म्हणत नाही आणि फळांवर ठेवत नाही.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर ईस्टरच्या आधी गोड सोडत. पण जेवत असत, आणि जिना चढताना चक्कर येऊन पडत नसत. तुझं हे कुठलं खूळ आहे ते सविस्तर कळव.

राग आहे तोवर लोभही आहे असं धरून चालावं.

तुझी,
इंदूताई

*

॥ श्री ॥

रोहा, ता. १० मे १९९९

ती. इंदूताईंना,

हौसाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. पहिल्यांदा वाचून रडले. दुसऱ्यांदा गणपतीच्या पोटापाशी आले तेव्हा हसू आलं. यांनी पलंगावरून विचारलं की ताई काय म्हणते, मी सांगितलं की खुशाली विचारलीय. हे तोंडी खोटं झालं. बैठक मारून मात्र मला खोटं लिहिता येणार नाही, म्हणून खरं काय ते लिहिते.

मार्चमध्ये आम्ही मुंबईला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, हे यंत्र किती वर्षं ओढणार. घरातलं कोणी एक किडनी देत असेल तर बदलता येईल. आम्हाला मूलबाळ नाही. मी म्हटलं, माझी घ्या. रक्तगट जुळला, बाकीचंही ठीक निघालं. मग मला वजनकाट्यावर उभं केलं आणि बाईंनी मान हलवली. एवढ्या वजनावर ऑपरेशन नाही, पंधरा किलो उतरवून या, म्हणाल्या.

काय खायचं ते त्यांनी सांगितलं होतं. एक भाकरी, वाटीभर आमटी, भाजी, थोडी मासळी. ते मला जमलं नाही, ताई. न जेवणं मला येतं. सोमवार, चतुर्थ्या, हरतालिका, लहानपणापासून करत आलेय. पण एक भाकरी खाऊन उठणं मला कोणी शिकवलंच नाही. तव्यावर दुसरी फुगलेली दिसली की हात जातो. त्याच सुमाराला इथे एका निसर्गोपचारवाल्यांचं शिबिर झालं. ते म्हणाले, चूल बंद करा. फळं खा, कच्चं खा, दुसरं काही नको. मला ते उपासासारखं वाटलं, म्हणून जमलं. महिन्याभरात झंपर सैल झाले.

फळं हेच कापतात. ताडगोळे असे सोलतात की सालीचा कण राहत नाही. चिमा कातकरीण दारात करवंदं घेऊन येते आणि यांना म्हणते की दादा, एक तरी चाखा. हे हात मागे घेतात. मी आत जाऊन खाते म्हटलं तर रागावतात. म्हणतात, माझ्यासाठी खातेयस तर माझ्यासमोर खा, वास तरी येऊ दे.

तुम्हाला सांगायचं नाही अशी यांनी शपथ घातली होती. यांचं म्हणणं, मिठागराचा बांध फुटून बाबा घरी बसले तेव्हापासून ताईने घर ओढलं, मला शिकवलं, लग्नसुद्धा केलं नाही. आता तिच्याकडून आणखी काय काढून घेऊ? शपथ मी मोडली. पाप लागलं तर तुम्ही अर्धं घ्या.

थोरलेपणाने रागवावं, पण दूर करू नये.

तुमची,
हौसा

*

॥ श्री ॥

पेण, ता. १५ मे १९९९

चि. सौ. हौसा हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

अर्धं पाप घेतलं. बारीक होण्यावरून जे लिहिलं ते मागे घेते. गणपतीबद्दलचं घेत नाही.

पण त्या माणसाला माझ्या वतीने सांग, की त्याला कोणी विचारलं होतं? मी लग्न केलं नाही ते त्याच्यासाठी नव्हे. मला बघायला आलेल्याने इंग्रजीत काहीतरी बोलून दाखवा म्हटलं, मी बोलले, आणि दुर्दैवाने ते त्याला समजलं. नोकरी केली ती मला आवडली म्हणून. याने त्यालाच त्याग ठरवलं आणि आता त्या त्यागाला हार घालून मला भिंतीवर टांगतोय. मी अजून जिवंत आहे.

सख्खी बहीण मी. वयाची साठी, वजन अठ्ठेचाळीस किलो, शाळेतून निघाले तेव्हाही तेवढंच. रक्तगट त्याचा तोच माझा. घरात आयती सडपातळ बाई असताना तुम्ही दोघं आंबे कापत बसलात. भाऊबीजेला आजवर त्याने दिलेल्या साड्या तूच निवडल्यास, आणि सगळ्या आमसुली. निदान या बाबतीत निवड मी करणार. पाऊस पडून उकाडा जरा बसला की मुंबईला जाऊन माझ्या तपासण्या करून घेते. तोवर चक्कर येते हे त्या डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाल.

न विचारल्याचा राग जाईपर्यंत लोभ थोडा कमी समजावा.

तुझी,
इंदूताई

*

॥ श्री ॥

रोहा, ता. ३० जून १९९९

ती. इंदूताईंना,

सा. न. वि. वि.

तुम्ही रांगेत माझ्या मागे आहात असं भांडून लिहायचं मनात होतं. आता भांडायला तोंड राहिलं नाही.

सोमवारी मुंबईला तपासायला गेलो. वजन अकरा किलो उतरलंय. मला वाटलं बाई शाबासकी देतील. त्यांनी रक्ताचा कागद बघितला आणि विचारलं की खाता काय. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, रक्त कमी झालंय आणि साखर वर गेलीय, अगदी काठावर आहे. दिवसभर आंबे, केळी आणि चिकू, दुसरं काही नाही, मग होणार काय? साखर अशीच राहिली तर तुमची किडनी कधीच घेता येणार नाही, वजन कितीही उतरवा. फळं थोडी खावीत, चांगली असतात, पण नुसती खाऊन माणूस चालत नाही. नीट जेवायला लागा आणि दिवाळीनंतर या.

 बाहेर आल्यावर हे म्हणाले, कापून तर मीच देत होतो. गाडीत जिते गेलं, हमरापूर गेलं, पेण आलं. तुमचा वार नव्हता, तरी दोघांनी खिडकीतून बघितलं. नागोठण्याला म्हणाले, की आता पुरे गो, मी यंत्रावरच राहीन जमेल तितकं, तू जेव पोटभर. असं म्हणून डोळे मिटून बसले. ताई, मागच्या महिन्यात यंत्रावर दोनदा त्यांची शुद्ध गेली होती. हे जमेल तितकं म्हणजे किती, ते मला कळतं.

घरी येऊन तांदळाची भाकरी केली. एक खाल्ली, मग तीन खाल्ल्या, मग मोरीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी भीतीने काहीच खाल्लं नाही. मला फळ बघवत नाही आणि भाकरीचं भय वाटतं. दमले मी.

तुमच्या तपासणीचं काय झालं? आता मी रांग सोडते. तुमचं होऊ दे.

पोरीसारखी माया ठेवावी.

तुमची,
हौसा

*

॥ श्री ॥

पेण, ता. १८ जुलै १९९९

चि. सौ. हौसा हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझं होत नाही.

मला वाटलं होतं, आपण जावं, देऊन यावं, चारचौघांत दोन शब्द ऐकवावेत. एका तरुण डॉक्टरने दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि विचारलं की फार राग येतो का. मी विचारलं, हे पुरुषांनाही विचारता का? त्याने पुन्हा पट्टा बांधला, तर आकडा आणखी वर. मग तीन वेळा निजवून बघितला, गोळ्या देऊन आठवड्याने बोलावलं, फोटो काढले. शेवटी तुमच्या बाईंनी समोर बसवून सांगितलं, की तुमचं ब्लडप्रेशर जुनं आहे आणि त्याने किडनीला धक्का बसलाय. तुमच्या आहेत त्या दोन तुम्हालाच पुरवून वापरायच्या आहेत. अठ्ठेचाळीस किलोबद्दल त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही.

परत येताना फार दमायला झालं. आजवर याला जे दिलं ते न मागता दिलं आणि त्याचं मला काही वाटलं नाही. हे एकच मी हात पुढे करून द्यायला गेले, तर ते चालण्यासारखं नव्हतं. दोन दिवस झोपून होते.

तिसऱ्या दिवशी उठून तुझं पत्र परत वाचलं. एक भाकरी खाऊन उठणं तुला येत नाही. मला येतं, कारण मला दुसरं काही दिलंच नाही. आमच्या बोर्डिंगच्या जेवणघरात सिस्टर पळी घेऊन उभ्या असत. एक पळी वाढायची आणि पातेलं आत. पुन्हा मागायला इंग्रजीत वाक्य करावं लागे, ते होईपर्यंत घंटा व्हायची. तेव्हा शिव्या दिल्या, आता उपयोगी पडेल.

येत्या शनिवारी ट्रंक घेऊन रोह्याला येते. चूल माझ्याकडे. तुझं पीठ एका भाकरीपुरतंच मळायचं, म्हणजे दुसरी फुगायचा प्रश्नच नाही. आमटी, भाजी, बोंबलाचा तुकडा मी वाढणार, आणि संध्याकाळी तू माझ्याबरोबर कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालणार. फळ मिळेल, एक, जेवणानंतर. उपास बंद, देवाला मी समजावून सांगेन. रांग सोडते म्हणतेस, ते मला मान्य नाही. तुझ्या पुढे कोणी नाही आणि मागेही आता कोणी उरलं नाही.

कमळाकर यंत्रावर राहणार असं जाहीर करतो, त्याला सांग की हे त्याला कोणी विचारलेलं नाही.

स्टेशनवर हातगाडी बघून ठेव. लोभ बरोबर घेऊन येतेच आहे.

तुझी,
इंदूताई

*

॥ श्री ॥

रोहा, ता. १६ फेब्रुवारी २०००

चि. सौ. हौसा हिस, आणि त्याच वॉर्डात पलीकडे असलेल्या चि. कमळाकरास,

दोघांना अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा भाऊ पुंडलिक रात्रीच्या आत दवाखान्यात पोचतो म्हणाला, म्हणून त्याच्या हाती हे देते. उद्या सकाळी तुम्हाला आत नेतील. मी तिथे असायला हवं होतं, पण बाईंनी माझा आकडा बघून घरीच बसा म्हटलं. ऐकलं. गोळी घेतली आहे.

हौसा, सहा महिने तू मला मनात काय काय म्हणालीस ते मला भाकरी वाढताना कळत होतं. दिवाळीला साखर खाली आली तेव्हा तू अनारसा मागितलास आणि मी दिला नाही. संक्रांतीनंतर काटा हवा तिथे आला, तेव्हा बाईंनी तुला विचारलं की या खेपेला कुठलं डाएट केलंत, आणि तू माझ्याकडे बोट दाखवलंस. आजवरच्या सगळ्या आमसुली साड्या मी त्या दिवशी माफ केल्या.

इथलं ठीक. सकाळी चिमा आली होती, ओटीवर टेकली. तिला उद्याचं सांगितलं. मग म्हणाली, की करवंदं आली की पहिला द्रोण दादाला आणते, खायची की नाय ते त्याचं तो बघेल. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारून.

दुपारभर काही सुचेना, म्हणून स्वयंपाकघर आवरलं. कमळाकरची भाजी उकळून पाणी ओतायचं ते मोठं पातेलं चिंचेने घासलं. आतून पार पांढरं पडलंय. उद्यानंतर ते लागणार नाही म्हणून माळ्यावर टाकायला स्टूल ओढलं, वर चढले, आणि धीर झाला नाही. खाली उतरून ओट्यावर पालथं घातलंय. माळ्यावर ठेवायचं ते त्याने स्वतः येऊन ठेवावं. त्याचा हात पोचतो.

भाकरीचं पीठ उद्यापासून पुन्हा एकीचंच मळते, माझ्यापुरतं. लोभ तिथे पुरेसा पाठवलाय. उरलेला घेऊन वेळेवर घरी या.

तुमची,
इंदूताई