पाठीमागचे चार पट्टे

मी, फर्रुख बिन मरदावीज, वय चौपन्न, राहणार कझवीन, धंदा इस्फहानच्या दिवाणाला वार्तापत्रे लिहिण्याचा, आपली इच्छा शुद्धीवर असताना, कुणाच्या दडपणाशिवाय नोंदवून ठेवतो. हकीम म्हणतो, पित्त आहे. म्हणजे दुखणं त्याला कळलेलं नाही. तेव्हा घाई केलेली बरी. शाई मी स्वतः घोटली आहे आणि दाराला कडी आहे.

वार्तापत्रांविषयी. अलामूत गडाचा धनी हसन सब्बाह याच्याबद्दल मी एकोणीस वर्षं लिहिलं. पस्तीस वर्षांत तो दोनदाच घराच्या गच्चीवर आला म्हणे. बासरी वाजवणाऱ्याला त्याने गडाबाहेर काढलं. दोन्ही मुलांना देहदंड दिला. बायको-मुलींना दूरच्या गडावर सूत कातायला धाडलं. यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. लाहोरात सात वर्षं पंडितांकडे न्यायशास्त्र शिकलो, प्रत्यक्ष आणि ऐकीव यांतला भेद पाठ केला, आणि जन्मभर ऐकीवावर पोट भरलं. त्या पत्रांच्या नकला जाळाव्यात. वाचून जाळू नयेत.

असलं लिहिणाऱ्याला गडाचे सुरीवाले कधीतरी गाठणारच, म्हणून मी पहिल्या पत्रापासून सदऱ्याखाली लोखंडी कड्यांचं चिलखत घालतो. त्याचे चारही पट्टे पाठीमागे आहेत. ते रोज सकाळी माझा नोकर बेहरूझ बांधतो. हा बेहरूझ त्याच वर्षी कामाला आला, आणि आला तो गडाच्याच खोऱ्यातून. ही गोष्ट माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आली. तेव्हापासून त्याने केलेलं कालवण मी आधी मांजराला घालतो. मांजर चौथं आहे. आधीची तिन्ही म्हातारपणाने गेली.

यंदा उन्हाळ्यात गडाचा धनी वारल्याची बातमी आली. दुसऱ्या सकाळी माझ्या उशीशेजारी गालिच्यात सुरी रोवलेली होती.

"बेहरूझ, ही कुणाची?"

"धार बघा ना मालक. आपल्या स्वयंपाकघरात असली सुरी असती तर मी कांद्यापायी रडलो असतो का?"

"तू काल रडत होतास."

"कांदाच होता," तो म्हणाला. "वळा. पट्टे बांधतो."

मी वळलो.

माझा भाचा तुघान तिथेच होता. नंतर कानाशी लागला, "मामा, तो गडाचाच माणूस. कोतवालाला कळवू. उद्या जाळतील त्याला."

"आणि परवा चिलखत कोण बांधेल? तू?"

"मला कुठे जमतात ते पट्टे!"

तेव्हा ऐका. मला बायको-मूल उरलेलं नाही. शरियतीप्रमाणे मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत परक्याला देता येतं. तेवढ्यात हे घर बसतं, ते बेहरूझला. तो गडाचा माणूस नसेल, तर एकोणीस वर्षं माझा संशय सोसल्याबद्दल. असेल, तर एकोणीस वर्षं रोज सकाळी माझी उघडी पाठ हाताशी असून पट्टेच बांधल्याबद्दल. माझे गुरुजी याला उभयतःपाशा रज्जू म्हणत: दोन्ही टोकांना फास. इथे दोन्ही टोकांना घर आहे. काझींनी चौकशी करू नये.

सुरीही त्याचीच. कांद्याला वापरावी.

द्राक्षमळा आणि पिस्त्याची झाडं तुघानला, पण बेहरूझ या घरात सुखरूप नांदेल तोवरच. त्याला कोतवालीत नेलं, किंवा तो 'चुकून' विहिरीत पडला, तर सगळं मदरशाला. तुघान, विहीर मी मुद्दाम लिहिली आहे. मागच्या महिन्यात तू तिची खोली विचारलीस.

मांजर हकिमाला. त्याला कुणावर तरी औषध तपासून बघायची सवय लागेल.

मेल्यावर मला बेहरूझनेच न्हाऊ घालावं. पट्टे त्यालाच सुटतात.

राहिलं चिलखत. तेही तुघानला; माझ्यामागे या गावात त्यालाच भीती वाटणार आहे. पट्टे पाठीमागे आहेत. बांधायला माणूस त्याने आपला शोधावा.

साक्षीदार: शीरझाद, कागदविक्या. (वाचता येतं, पण वाचलं नाही.)
साक्षीदार: इमाद बिन नूह, मशिदीचा दिवाबत्तीवाला. (वाचलं. घाम पुसला.)

सही: फर्रुख बिन मरदावीज
मुक्काम कझवीन, शाबान महिना, हिजरी ५१८