चुंबकाला चिकटलेला कण

प्रिय धाकटे,

हे पत्र मालवाहू विमानाच्या वैमानिकाच्या हाती देतेय. तुमच्याकडे उतरला की स्वतः घरी आणून देईन, असं कबूल केलंय त्याने. फोन करता आला असता. पण इथे एकच फोन आहे, तोही कचेरीत, आणि मागे उभे असलेले सगळे भिंतीकडे बघत कान देऊन ऐकत असतात. आणि खरं सांगू, तुझं नुसतं "बोल ताई" ऐकलं असतं तरी मला पुढे बोलता आलं नसतं.

तुझे डॉक्टर आजारी आहेत हे काल कचेरीतून तुला कळवलं, ते मला माहीत आहे. वरच्या चौकीवर आहेत, पोटात दुखतंय, हेलिकॉप्टर पाठवतोय, एवढंच तुला सांगितलं. त्यावर तू म्हणे म्हणालीस, "मग ठीक आहे, ती हेलिकॉप्टरं माझ्या ताईच्याच हाताखाली आहेत." कचेरीतल्या कारकुनाने ते वाक्य मला मुद्दाम येऊन सांगितलं. बिचाऱ्याला वाटलं मला बरं वाटेल. मी त्याला हसून दाखवलं आणि शेडमागे जाऊन उभी राहिले.

त्यांचं अपेंडिक्स आहे. निदान त्यांचं त्यांनीच केलं, कारण त्या डोंगरावर दुसरा डॉक्टर आहेच कुठे. वायरलेसवर स्वतःबद्दल असे बोलतात जणू कुणी तिसराच माणूस खाटेवर पडलाय. पेशंटला ताप आहे, पेशंट उजवीकडे हात लावू देत नाही, पेशंट अतिशय आगाऊ आहे आणि ऐकत नाही. पहिल्या दिवशी इथले सगळे हसले. काल सकाळी त्यांचा आवाज बारीक झाला होता आणि वाक्यावाक्यात ते थांबत होते. मग कुणी हसलं नाही. कंपाउंडर त्यांना इंजेक्शनं देतोय, पण फुटलं तर इंजेक्शनांनी भागणार नाही हे तो जाणतो, तेही जाणतात. तुझ्यापासून हे लपवून ठेवलं गेलं. मी लपवत नाही.

तुला आठवतं, तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले होते तेव्हा आमची दोघांची कशी जुंपली होती? मी म्हणत होते यंत्र बरं, ते कुरकुरत नाही. ते म्हणाले, "ताई, तुमचा पेशंट बोलत नाही आणि माझा खोटं बोलतो, आपण दोघं सारखेच अडाणी." तू वाढता वाढता म्हणालीस की दोघांच्याही पेशंटांना ताटावरून उठवा. तेव्हापासून भेटले की विचारायचे, काय, आज कुणाला टोचलं? माझी नेमणूक इकडे झाली तेव्हा पोरीला आमच्याकडे ठेवा, असं तुझ्याआधी त्यांनीच म्हटलं होतं. मग त्यांनाही इकडेच पाठवलं, आणि तू हसत म्हणालीस की बरं झालं, माझा माणूस तुझ्याकडे, तुझी पोर माझ्याकडे. माझ्या लेकीची वेणी तू घालतेस, तिचा डबा तू भरतेस. मी इथे तुझ्या माणसासाठी काय करतेय, तेच तुला सांगायचंय.

आमच्या तुकडीकडे दोन हेलिकॉप्टरं. कुठल्याशा गोदामाची पत्र्याची शेड आहे, एका बाजूला भिंतच नाही, तिथे ताडपत्री बांधलेली. वारा सुटला की सुट्या भागांवर ओल्या चादरी टाकून आम्ही वर बसतो. मूळ तळावर असते तर शेजारच्या इमारतीत भांडार आहे, तेल तपासायची प्रयोगशाळा आहे, अडलं तर विचारायला माझ्याहून वरचे दोघं आहेत. इथे माझ्या वर फक्त पत्रा, माझी सही झाली की यंत्र उडतं. मागवलेला भाग येईपर्यंत एकाचा काढून दुसऱ्याला लावायचा, हीच इथली रीत. ज्याचे भाग काढतो त्याला पोरं 'दुभती' म्हणतात. दुभतीचं इतकं काढून झालंय की मामा, म्हणजे आमचा सगळ्यात जुना कारागीर, परवा म्हणाला, आता हिचं फक्त दार उरलंय, तेही मी घरी नेतो, गोठ्याला होईल.

उडणारं एकच. काल सकाळी तेच डॉक्टरांना आणायला निघालं. अर्ध्या वाटेत दिवा लागला आणि वैमानिक परत फिरला. तो दिवा काय असतो ते सांगते. इंजिनाची ताकद वरच्या पंख्यापर्यंत नेणारी एक दातेरी चाकांची पेटी असते. तिच्या तेलात एक चुंबक बसवलेलं असतं. आत काही झिजलं, तुटलं, की धातू त्या चुंबकाला चिकटतो आणि दिवा लागतो. नुसतं काळं पीठ चिकटलं असेल तर पुसायचं, यंत्र जमिनीवरच चालवायचं आणि पुन्हा बघायचं. पहिल्यांदा पीठच होतं. मी इतकी खूश झाले की मामाच्या पाठीत थाप मारली. पुसलं, चालवलं, पुन्हा काढलं. पांढऱ्या फडक्यावर कापलेल्या नखाएवढा एक चकाकता कण पडला. भिंगातून बघितला. एक कड सरळ होती, दात्याची असते तशी. मामाने भिंग माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि भिंग परत देऊन हात पुसायला लागला.

इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर खाली आणता येतं, पंखा वाऱ्यावर फिरत राहतो. ही पेटी अडकली तर पंखाच थांबतो. मग काही करता येत नाही. ती कदाचित आणखी पन्नास तास चालली असती. कदाचित दरीवर असतानाच गेली असती. हे बाहेरून कुणालाच कळत नाही. दुभतीची पेटी काढून लावायची, तर आत्ता जिच्यातून धातू गळतोय ती दुभतीचीच आहे. गेल्या महिन्यात मीच बदलून घेतली, कारण हिची स्वतःची दुरुस्तीला पाठवावी लागली होती.

मी रात्रीपासून नव्या पेटीवर आशा लावून होते. मूळ तळावरून निघाली होती. आज सकाळी मालवाहू विमानातून खोका उतरला, तेव्हा उभी असलेली सगळी माणसं धावली, स्वयंपाकी सुद्धा. झाकण उघडलं. आत शेपटीच्या छोट्या पंख्याची पेटी. सुबक, कोरी, आमच्या काहीही कामाची नसलेली. पाहुणे आले पण दुसऱ्याच घरचे, असं कुणीतरी म्हणालं. मी तिथेच खोक्याच्या कडेवर बसले. मला खिळा लागला तेही नंतर कळलं.

मग हेलिकॉप्टरचा वैमानिक आला. तरुण आहे, डॉक्टरांशी बुद्धिबळ खेळतो, नेहमी हरतो. म्हणाला, "मॅडम, तुम्ही डोळे मिटून सही करा, मी उघडे ठेवतो." मामा लगेच म्हणाला की मी सोबत बसतो. आमच्याकडे नियमच आहे, ज्याने काम केलं त्याने त्या यंत्राच्या पहिल्या उड्डाणात बसायचं, म्हणजे हात आपोआप काळजीने चालतात. मी म्हटलं, मी बसते. तर वैमानिक म्हणाला की चला की मग, तिघं जाऊ, चौघं होऊन येऊ. सगळे तयार होते, धाकटे. त्यांच्या तयारीनेच मला जास्त भीती वाटली. मी एकटी जाऊ शकले असते तर हे पत्र लिहायला इथे नसते. पण मला ते उडवता येत नाही. माझ्या सहीने दुसऱ्यांचीच पोरं वर जातात.

कमांडरांना माहीत आहे डॉक्टर माझे कोण ते. त्यांनी मला आत बोलावून दार लावलं. म्हणाले की मी तुम्हाला हो म्हणायचा हुकूम देणार नाही आणि नाही म्हणायचाही देणार नाही. मला वाटलं त्यांच्या पाया पडावं आणि म्हणावं, द्या हो, कुठलाही द्या. ते आपले नसते तर मी काय म्हटलं असतं, हे मी सकाळपासून स्वतःला विचारतेय. कधी वाटतं, परक्या माणसासाठी नाही म्हणायला मला एक मिनिट लागलं नसतं. कधी वाटतं, परक्यासाठी मी धोका पत्करला असता, आणि आपल्या माणसासाठी दुसऱ्यांचे जीव लावल्याचा ठपका नको म्हणूनच मागे सरले. खरं कुठलं ते मला कळत नाही. मला फक्त तो कण दिसतो.

आत्ता दुपार आहे. चौकीतले जवान डॉक्टरांना स्ट्रेचरवर घेऊन पायवाटेने खाली निघालेत. दुसरं हेलिकॉप्टर मूळ तळावरून निघालंय, पण वाटेत तेल भरत भरत येणार, परवाच्या आत नाही. पायवाटेलाही तेवढंच लागेल. त्यातलं आधी कोण पोचतं आणि पोट तोवर थांबतं का, यावर सगळं आलंय. निघण्यापूर्वी मी वायरलेसवर त्यांना स्वतः सांगितलं की हेलिकॉप्टर येणार नाही. त्यांनी विचारलं, "पीठ की कण, ताई?" मी म्हटलं, कण. ते म्हणाले, "मग काय." आणि बटण सोडलं.

आणि आता हे का लिहितेय ते. मघाशी कचेरीतून तुला पाठवायचा निरोप मला दाखवायला आणला. त्यात लिहिलंय, खराब हवामानामुळे उड्डाण होऊ शकलं नाही. कमांडर म्हणाले की असंच कळवतो आपण, घरच्यांना सोपं जातं, आणि तुम्हालाही उद्या त्या घरात जायचंय. चांगल्या मनाने म्हणाले. मी मानही हलवली. मग बाहेर आले आणि विमान निघायच्या आत हे लिहायला बसले. तुला तो निरोप मिळेल, आजूबाजूच्या बायका म्हणतील की निसर्गापुढे कुणाचं काय चालतं, आणि तू तेच धरून बसशील, आणि माझ्या पोरीची वेणी घालत राहशील. ते मला सोसणार नाही. वैमानिक तयार होता, माणसं तयार होती, इंजिन चालू होत होतं. नाही मी म्हटलं, मी एकटीने. ते सुखरूप आले तरी हे खरं आहे, नाही आले तरी हेच खरं. पोरीला ठेवायचं की आईकडे पाठवायचं, ते तू ठरव, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण माझ्याऐवजी हवामानाला दोष देऊ नकोस, धाकटे. दोन दिवस झाले, इथे आभाळात एक ढग नाही.

तू म्हणशील तर तुझीच,
ताई